आसरांच्या पोरी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतली मुलं लाकडी बैल ओढत दारात येतात. कुणाचा बैल वीतभर, कुणाचा त्या मुलापेक्षाही उंच. शिंगांना बेगड, गळ्यात चॉकलेटची माळ, आणि मागे मोबाइल रोखून उभे असलेले आईबाप. मी एकेकाच्या हातावर बोजाऱ्याचे पाच-दहा रुपये ठेवते, बैलांचं तोंडभर कौतुक करते आणि शक्य तेवढ्या लवकर दार लावून घेते. शेजारच्या वहिनींनी परस्पर ठरवून टाकलंय की बाईंना सणवारांचं वावडं आहे. वावडं कसलं? होळीच्या पुरणपोळ्या मी त्यांच्याकडे हक्कानं जेवून येते. फक्त हा तान्हा पोळा आला की बाहेर जावंसं वाटत नाही, आणि घरातही बसवत नाही.

तिथून कोजागिरीपर्यंतचा दीड महिना धड पावसाळा नसतो, धड हिवाळाही नसतो. सकाळी ऊन असं चटकतं की ओट्यावर वाळवण घालावं, आणि दुपारी चारला आभाळ येऊन ते सगळं भिजवून जातं. लाकडी दारं फुगतात. कपाटातली पुस्तकं उघडली की बुरशीचा वास येतो. रस्त्याच्या कडेनं तरोटा पिवळा फुललेला असतो. पूर्वी वर्ध्याच्या बाहेर पडलं की या दिवसांत कपाशीच्या पऱ्हाटीला पात्या-फुलं दिसायची. आता निम्म्या वावरांत सोयाबीन आहे आणि सावंगीकडच्या रस्त्याला वावरंच उरलेली नाहीत. हवा मात्र तीच आहे. मोरीतल्या फरशीखाली पाणी मुरतं, ओल्या दगडाचा वास घरभर पसरतो, आणि मी पुन्हा पंचवीस वर्षांची होते. हातात टॉर्च असतो, कोपर खरचटलेलं असतं, आणि माझ्यापुढे सुगंधाबाई रांगत चाललेली असते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे मुलांनी बेडूक फाडायचे आणि मी ते निस्तरायचे. घरात एवढी शिकलेली मी पहिलीच. बाबा रेल्वेत फिटर होते. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी घरातला देव्हारा उतरवला; मी तेव्हा आईच्या कडेवर होते, असं ती सांगायची. देव, भूत, नवस, अंगारा यांतलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. कुणी काही सांगितलं तर विचारायचं, "कशावरून?" आणि आपण चुकलो तर तोंडानं कबूल करायचं, हा बाबांचा दुसरा नियम. पहिला मला चांगला जमायचा.

आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे नुसतंच 'सर' म्हणत, त्यांनी मला भुंगेऱ्यांच्या नादी लावलं. ते म्हणायचे, "हत्तीवर काम करायला आसामात जावं लागतं. भुंगेऱ्यांवर करायला गॅलरीतला दिवा पुरतो." गॅलरीतल्या दिव्यावर येणारे वर्ध्याचे सगळे भुंगेरे मी दोन वर्षांत टाचणीला लावले होते. त्यात नवं असं काही नव्हतं, आणि मला नवं काहीतरी हवं होतं. फार हवं होतं. ज्या घरात माझ्या आधी कुणी मॅट्रिक झालं नव्हतं, त्या घरातल्या मुलीनं जगाला माहीत नसलेली एक गोष्ट जगाला सांगायची, या विचारानं मला घास गोड लागत नसे.

प्रॅक्टिकलला एक मुलगी होती, समुद्रपूर तालुक्यातली. डोळ्यांची रचना शिकवत असताना ती सहज बोलून गेली की तिच्या गावाजवळच्या भुयारात बिनडोळ्यांच्या किडी असतात, त्यांना आसरांच्या पोरी म्हणतात. वर्ग हसला. मी हसले नाही. त्या रविवारी मी एसटीनं जामला उतरले, तिथून दुसरी बस धरली आणि पुढे चालत गेले. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं होतं, शोधनिबंधात, अक्षांश-रेखांशासकट. तेवढं पुरे झालं.

तिथे काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा एक पट्टा आहे. पाण्यानं तो खाऊन खाऊन टेकडीच्या पोटात पोकळी केली आहे. तोंड इतकं बुटकं की रांगतच शिरावं लागतं. आत मात्र आठ-दहा माणसं बसतील एवढी जागा, आणि मागच्या बाजूला अंधारात शिरणाऱ्या बोटभर रुंद भेगा. गावाचा रिवाज असा की तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पाण्यातल्या देवींना, आसरांना, भुयारात नैवेद्य ठेवायचा. पळसाच्या पानावर ज्वारीच्या कण्या, दही आणि आदल्या दिवशीच्या पुरणपोळीचा तुकडा. बाकी बायका तोंडाशी थांबतात, मुलं आपापले बैल घेऊन खाली झाडाखाली उभी राहतात. आत जाते ती एकच बाई, मानाच्या घरातली. तिसऱ्या दिवशी पान उचलायला पुन्हा तीच जाते. मी पोचले तो नेमका तिसरा दिवस होता.

मानाच्या घरातली बाई म्हणजे सुगंधाबाई. पन्नाशीची असेल. काटकुळी, नऊवारीचा काचा मारलेला, दातांवर तंबाखूच्या गुडाखूचा काळा थर. नवरा वारलेला, दीर शेजारच्या घरात, आणि ती आपल्या एका खोलीत. तिनं मला नाव विचारलं, गाव विचारलं, लग्न झालं का विचारलं, आणि आणखी काही न विचारता म्हणाली की चल. मला तिच्या त्या 'चल'चं आजही नवल वाटतं. तिच्या जागी मी असते तर माझ्यासारख्या बाईला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं असतं.

आत पान होतं आणि पानावर त्या होत्या. तांबूस, तांदळाच्या दाण्याएवढ्या, लांब लांब पायांच्या. मिशा अंगापेक्षा मोठ्या, सतत हवा चाचपणाऱ्या. मी भिंग लावलं. डोळ्यांच्या जागी डोळे नव्हतेच, आणि डोळ्यांची जागाही नव्हती. गाल सरळ कपाळापर्यंत गुळगुळीत गेलेला. मी टॉर्च पानाच्या आणखी जवळ नेला.

"टार्च बाजूले घे, बाई," सुगंधाबाई हळूच म्हणाली. "जेवून राह्यल्या त्या."

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं की यांना डोळे का नाहीत असं गावात काय सांगतात. एखादी दंतकथा मिळेल अशी माझी अपेक्षा. ती म्हणाली, त्यांले डोये कायले पाहिजे? घरातल्या घरात तं रायतात. उत्क्रांतीवरचं इतकं सोपं वाक्य मी त्याआधी वाचलं नव्हतं, आणि नंतर शिकवताना मी ते कित्येक वर्षं वापरलं, कुणाचं ते न सांगता.

मी तीन घेऊन आले, स्पिरिटच्या बाटलीत. भुंगेरे ओळखायची जी पुस्तकं असतात त्यांत पायरीपायरीनं दोन दोन प्रश्न असतात: पायाला पेरं इतकी की तितकी, मिशीचं टोक असं की तसं. उत्तर देत देत खाली उतरायचं, शेवटच्या पायरीवर नाव असतं. माझी ही आसरांची पोर कुठल्याच नावापाशी पोचेना. दर वेळी मधल्याच एका पायरीवर दोन्ही उत्तरं चुकीची ठरायची. सरांनी रात्र जागून पाहिलं, सकाळी चष्मा पुसत म्हणाले, "पोरी, हे लांबचं प्रकरण दिसतंय." एक नमुना आम्ही कापसात गुंडाळून, औषधाच्या डबीत घालून परदेशातल्या एका जाणकाराला टपालानं पाठवला. चार महिन्यांनी उत्तर आलं. हा नुसता नवा भुंगेरा नाही. जात म्हणजे माणसाचं नाव म्हटलं तर प्रजाती म्हणजे आडनाव. आणि याला जगातल्या कुठल्याच घराचं आडनाव लागत नाही. नवी प्रजाती करावी लागेल. तुम्हीच करा. मात्र ही मादी आहे, आणि तुम्ही लिहिता त्यावरून उरलेल्या दोन्हीही; नर मिळाल्याशिवाय वर्णन पुरं व्हायचं नाही.

ते पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. इंग्रजीतून वाचलं, मग मराठीतून सांगितलं. त्यांनी पत्र माझ्या हातातून घेऊन उलटसुलट पाहिलं. मग आईला म्हणाले, "आपल्या पोरीनं नवं आडनाव काढलं." आडनावानं काय काय सोसावं लागतं ते माहीत असलेला माणूस बोलत होता. मला त्या दिवशी वाटलं होतं की याहून मोठं सुख माणसाला नसेल.

पुढच्या वर्षी पोळ्याला मी तयारीनिशी गेले. गुहेतले भुंगेरे पकडायला ग्लास पुरतात: ग्लास मातीत काठापर्यंत पुरायचा, तळाशी मिठाचं पाणी, त्यात थोडं फॉर्मलिन, आणि वर वासाचं काहीतरी टांगायचं. वासानं येतात, आत पडतात, सडत नाहीत. पुस्तकात लिहिलं होतं, कुजकं चीज. वर्ध्यात तेव्हा ताज्या चीजची मारामार, कुजकं कुठून आणणार? मग मीच युक्ती काढली. सुगंधाबाईकडून नैवेद्यातलं कण्या-दही मागून घेतलं, फडक्यात पुरचुंड्या बांधल्या आणि त्या टांगल्या. जामच्या चहावाल्याकडून टवके उडालेले डझनभर ग्लास आणले होते. ते भेगांच्या तोंडाशी ओळीनं पुरले.

सुगंधाबाई उकिडवी बसून बघत होती. पोरी यात पडतील ना, तिनं विचारलं. मी म्हटलं, एखाददुसरीच. आत भेगांमध्ये त्या पुष्कळ असतात. हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. कशावरून, हा प्रश्न मी जगाला विचारायचे, त्या दिवशी स्वतःला विचारला नाही. ती म्हणाली, तू शिकलेली आहेस. आणि उठून मला माती दाबायला मदत करू लागली.

कोजागिरीला मी ग्लास बघायला गेले तेव्हा सात मिळाले होते, त्यात एक नर. एकच. मी भुयारात एकटी रडले. बाहेर येऊन सुगंधाबाईला मिठी मारली, तिला त्यातलं काही कळलं नसावं, पण तीही हसली. त्या दिवशी तिनं मला घरी जेवायला घातलं. जेवताना तिनं तिची गोष्ट सांगितली. तिला एक मुलगी होती, चंद्री. सहा वर्षांची. असेच दिवस होते, विहीर काठोकाठ भरलेली, आणि ती वाकून पाणी बघायला गेली. लोक म्हणाले, आसरांनी नेली. तोवर नैवेद्य सासू ठेवायची. त्या वर्षी सुगंधाबाई म्हणाली, मी जाते आत. आत गेली तेव्हा तिनं पहिल्यांदा त्या पानावरच्या पोरी पाहिल्या.

"आसरा मारत नाई, बाई. नेतात. घरी नेतात त्यांच्या," ती म्हणाली. "त्याच्यात एखादी माही असन."

मी घरी आल्यावर हे वहीत उतरवलं. 'स्थानिक समजुती' असा मथळा दिला. आणि हे ऐकून घेतल्यावरही, त्या दिवशी गावातून निघायच्या आधी मी पुन्हा भुयारात गेले, ग्लास रिकामे करून पुन्हा भरले, नव्या पुरचुंड्या टांगल्या. एक नर पुरेसा नव्हता. तो चिरला, चित्रासाठी पोटॅशमध्ये उकळला आणि बिघडला, तर? दुसरा हवा होता. मिठाच्या पाण्याची एक मोठी बाटली सुगंधाबाईच्या कोनाड्यात ठेवली. म्हटलं, ग्लासातलं पाणी आटू देऊ नका, थोडं थोडं टाकत राहा. दिवाळी झाली की मी येते.

दिवाळी झाली. मी गेले नाही.

कारणं होती. नर चिरताना बिघडला नाही, उलट इतका स्वच्छ निघाला की मी रात्रंदिवस चित्रंच काढत बसले. मायक्रोस्कोपला आरसा लावून कागदावर पडणारी सावली पेन्सिलनं गिरवायची, मग बारीक निबानं काळी शाई. एका पायाच्या एका चित्राला आठ दिवस लागायचे. त्यातच जाणकारांचं पत्र आलं की दुसरीकडल्या गुहांतूनही कुणी असंच काही शोधतंय म्हणे, घाई करा. त्यांच्या आधी छापून यायला हवं होतं. मग परीक्षा, मग उन्हाळा, एसटी तापलेली. दर शनिवारी मी ठरवायचे, उद्या जाते. ही सगळी कारणं खरी आहेत आणि मी ती इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे. यांच्या खाली एकच कारण आहे: मला हवं होतं ते मिळालं होतं.

निबंध लिहून झाला. प्रजातीला मी आसरांचं नाव दिलं आणि जातीला सुगंधाबाईचं, लॅटिन शेपट्या लावून. त्यात एक वाक्य असं होतं: हा भुंगेरा या गुहेत विपुल आढळतो.

वर्षभरानं, तान्ह्या पोळ्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी मी गेले. तुमचं नाव आता जगभरच्या पुस्तकांत राहणार हे तिला सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला बघताच ती उठून उभी राहिली. मी काही बोलायच्या आधी तिनंच मला सांगितलं की मी दिलेलं काम तिनं चुकवलं नाही. संक्रांतीला बाटली संपली. मग तिनं घरातले मिठाचे खडे पाण्यात विरघळवले आणि तेच टाकत गेली. पुरचुंड्यांतलं वाळून जायचं म्हणून दर पंधरवड्याला कण्या शिजवून त्यात दही घालून नव्यानं बांधल्या. पावसात भुयाराच्या तोंडाशी पाणी होतं, तेव्हा भिजत आत गेली. पोरींना उजेडाचा त्रास नको म्हणून दिवा कधी नेला नाही, अंधारात काठ चाचपून पाणी टाकलं. एक दिवसही ग्लास कोरडे पडले नाहीत.

"आटू नाई देल्लं, बाई," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी अभिमान म्हणेन. माझ्या बाबांच्या चेहऱ्यावर ते पत्र ऐकताना जे होतं, तेच.

मी आत गेले. ग्लास काठापर्यंत भरलेले होते. पाण्यानं नाही. थरावर थर, तांबूस, लांब पाय एकमेकांत अडकलेले, खालचे काळे पडलेले, वरचे अजून ताजे. त्यांच्यात फिकट, मऊ, नुकतेच कोशातून निघालेलेही होते. मी बरणीत ओतत गेले. मोजले नाहीत. पुढे कधीही मोजले नाहीत. त्या वर्षीच्या नैवेद्याचं पान तिथेच होतं, कण्या आंबून गेलेल्या, आणि पानावर कुणी नव्हतं.

बाहेर आले तेव्हा ती वाट बघत होती. काय सांगू तुम्हाला, मी काय म्हणाले? मी म्हणाले, "छान केलं, सुगंधाबाई."

अंधारात राहणारे हे जीव फार सावकाश जगतात, हे मला माहीत होतं. निबंधात मीच लिहिलं होतं: मादीच्या पोटात एका वेळी एकच मोठं अंडं. एका अंड्यामागे कित्येक महिने. एका वर्षात आम्ही दोघींनी, म्हणजे मी, तिच्या हातानं, त्या भुयारातलं सगळं घराणं उपसून काढलं होतं. महिन्याभरानं छपाईची प्रुफं आली. त्यात ते वाक्य होतं, विपुल आढळतो. माझ्या हातात पेन होतं. मी दोन स्वल्पविराम दुरुस्त केले आणि प्रुफं परत पाठवली. निबंध छापून आला. सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. दुसरीकडल्या त्या कुणाचा काही निबंध कधी आलाच नाही. मी कायम झाले, यथावकाश लेक्चरर झाले. त्या शोधाच्या नावावर मला जे जे मिळायचं ते सगळं मिळालं.

मी दर पोळ्याला जात राहिले. आधी आशेनं, एखादी भेगेत खोल राहिली असेल, येईल. दोन वर्षांनी ती आशा गेली, मग मी नुसतीच जायचे. पान तसंच असायचं. दुसऱ्याच वर्षी सुगंधाबाईनं मला विचारलं, "यंदाबी पोरी काऊन आल्या नाई?" मी म्हटलं, पाऊस कमी झाला असेल. त्याच्या पुढल्या वर्षी पाऊस धो धो झाला होता, तेव्हा म्हटलं, जास्त झाला असेल. ती ऐकून घ्यायची. मग तिचं तिनंच ठरवलं की आसरा तिच्यावर रुसल्या आहेत. नैवेद्यात काही चुकलं, हात विटाळला, कुठेतरी तिच्याकडूनच काही उणं पडलं. तिनं भादव्यात एकवेळ जेवायला सुरुवात केली. चपला सोडल्या. गावातल्या बायकाही हळूहळू कुजबुजू लागल्या की सुगंधेच्या हातचं आसरा घेत नाहीत, मान दुसऱ्या घराला द्यावा. आणि मी, देव्हारा नसलेल्या घरात वाढलेली, कशावरून विचारणारी, गप्प बसले. एरवी मी असल्या समजुतीवर तासभर भांडले असते. पण माझं पाप झाकायला मला तिच्याच आसरा उपयोगी पडत होत्या. तिच्या पायांना पडलेल्या भेगा मी दर वर्षी बघत होते आणि गप्प होते.

ऐंशीचं दशक अर्धं उलटलं असेल. वर्गात मी माझ्या भुंगेऱ्याबद्दल शिकवत होते, फळ्यावर चित्र काढून. ते चित्र माझ्या हातात इतकं बसलं होतं की न बघताही काढता यायचं. मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तो अजून आहे का?" एवढंच. मी म्हणाले, असावा. घंटा झाली, मुलं गेली, आणि मी फळ्यावरचं चित्र पुसून काढलं, हात खडूनं पांढरा. घरी आले तेव्हा बाबा अंगणात बसले होते, निवृत्त, थकलेले. त्यांनी विचारलं, काय झालं. मी काही झालं नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि तेच मला सोसलं नाही.

पोळा आठ दिवसांवर होता. या खेपेला मी तिसऱ्या दिवशी नाही, तान्ह्या पोळ्यालाच गेले, ती भुयारात जायच्या आधी. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते. मला वाटत होतं की मी तिचं ओझं उतरवायला चालले आहे. सहा-सात वर्षं ही बाई स्वतःला अपराधी समजून अर्धपोटी राहिली. तिला सांगायचं की तुझा काही दोष नाही, दोष माझा आहे. तिनं मला शिव्या द्याव्यात, गावासमोर ओढावं, ग्लास फेकून मारावेत. मी सगळ्याला तयार होते. खरं तर मला ते हवंच होतं.

ती चुलीपाशी बसली होती. ताट तयार होतं, वर धुतलेलं फडकं झाकलेलं. केस पुरते पांढरे झाले होते. मी समोर बसले आणि सांगितलं. दिवाळीनंतर येते म्हणाले आणि आले नाही, ते सांगितलं. त्या वर्षी मी जी बरणी नेली तिच्यात काय होतं, ते सांगितलं. आसरा रुसल्या नाहीत. तुमचं काही चुकलं नाही. हे शेवटचं वाक्य मी दोनदा म्हणाले.

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"एकबी नाई राह्यली?"

"नाई," मी म्हटलं.

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती की जणू मी चुकीच्या घरी आले आहे.

"मले वाटे, रुसल्या," ती म्हणाली. "रुसलं मानूस वापस येते, बाई. आज नाई तं उद्या. म्हनून मी ताट कराची." मग आवाज न चढवता म्हणाली, "आता मी कोनाची वाट पाहू?"

मी तिला सत्य दिलं होतं आणि त्याच्या बदल्यात तिच्याजवळ जे एकच होतं ते काढून घेतलं होतं. इतकी वर्षं मी गप्प बसले ते माझ्यासाठी, आणि बोलले तेही माझ्यासाठीच, हे मला त्या चुलीसमोर कळलं.

बाहेर बायका जमल्या होत्या. कुणीतरी हाक मारली, चाल वं सुगंधाबाई, उन्हं कलली. तिनं आतूनच सांगितलं की तुम्ही व्हा पुढं. मग तिनं ताटावरचं फडकं काढून घडी घातली, आणि आसरांसाठी केलेलं ते ताट माझ्यापुढे सरकवलं. कण्या, दही, पुरणपोळीचा तुकडा.

"खाय," ती म्हणाली.

मी खाल्लं. ताट रिकामं होईपर्यंत खाल्लं. ती समोर बसून होती. माझं झाल्यावर तिनं ताट उचललं, हातावर पाणी घातलं, आणि म्हणाली, "जाय आता. जामची बस निघून जाइन."